वळसा

आमच्या टाकीतले नियॉन टेट्रा चौदाचे तीन झाले, तेव्हा घरात त्यांच्या भवितव्यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे बायको बोलली आणि मी चष्म्याच्या काचा पुसल्या.

"हे तीन संपू देत," ती म्हणाली. "मग टाकी लख्ख धुऊ आणि काहीतरी वेगळं आणू. जरा दिसतील असे."

'संपू देत' हे ती साबणाच्या जुन्या वडीबद्दल म्हणावं तसं म्हणाली. तिची तशी चूक नाही. नियॉन टेट्रा म्हणजे जेमतेम सव्वा इंचाचा जीव. अंगावर डोळ्यापासून मागे जाणारी निळी रेघ आणि पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा. चौदा मिळून वळले की कुणीतरी निळा पडदा झटकल्यासारखं वाटायचं. पाहुणे चहाचा कप तसाच हातात धरून बघत राहायचे. तेच तीन उरले की मासे कमी आणि बॉलपेनच्या रिफिली जास्त दिसतात. त्यात हे तिघं म्हातारे. एकाच्या पाठीला बाक आलेला. दुसऱ्याचा लाल पट्टा धुऊन धुऊन विटलेल्या साडीच्या काठासारखा. तिसरा तसा धडधाकट, पण कायम फिल्टरच्या पाइपमागे, उधारी असलेल्या माणसासारखा.

नीट सांभाळलेला नियॉन घरच्या टाकीत पाचेक वर्षं जगतो. टाकी मुलीच्या नववीतली, आणि हे मासे तिच्या इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षातले. ती आता बंगळुरूला नोकरी करते आणि फोनवर 'आई कशी आहे'च्या आधी 'मासे कसे आहेत' विचारते. यावरही आमच्याकडे एक चर्चा झालेली आहे.

पेच असा, की बदल मलाही हवा होता. माझा डोळा कित्येक दिवस रमीनोज टेट्रावर होता. पान खाऊन आल्यासारखं लालबुंद तोंड, आणि थवा असा शिस्तीचा की २६ जानेवारीचं संचलन आठवावं. पण आमची टाकी दोन फुटी, पाणी साधारण ६० लिटर. त्यात दोन-दोन थवे सुखाने मावत नाहीत. म्हणजे माझी अवस्था पागडीची चाळ विकत घेतलेल्या बिल्डरसारखी झाली. नवा नकाशा हातात तयार आणि आत तीन जुने भाडेकरू, जागा सोडायला नाराज, तब्येतीने चिवट.

आमच्या भागातल्या दुकानदाराला विचारलं. त्याने बोट काचेवर टेकवून एक जोगिया रंगाचा एंजल दाखवला. "हा टाका साहेब. आठ दिवसांत प्रश्न मिटेल." मला आधी कळलं नाही. कळल्यावर मी नुसती कोरड्या खाऊची डबी घेऊन घरी आलो. एंजल मोठा झाला की नियॉन गिळतो, हे मला ठाऊक होतं. ते कुणी उपाय म्हणून सांगेल हे ठाऊक नव्हतं.

तर तिघांचं करायचं काय? एकटादुकटा राहणारा मासा असता तर प्रश्नच नव्हता. फायटर एकटाच राजा असतो, त्याला शेजार नकोच असतो. पण नियॉन थव्याने राहणारा. त्याला निदान सहा तरी सोबती हवेत असं सगळे अनुभवी लोक सांगतात, आणि जास्त असले तर उत्तमच.

थवा हा शब्दसुद्धा आपण पाखरांकडून उसना आणलेला आहे. हत्तींचा कळप, मुंग्यांची रांग, टोळांची धाड, कुत्र्यांची टोळी, सगळ्यांना आपापले शब्द. माशांसाठी बोलाचालीत आपल्याला सहज सुचतात ते वाटा, पाटी आणि टोपली. म्हणजे मासा एकापेक्षा जास्त झाला की तो मराठी माणसाला बाजारातच दिसतो. मी हे बायकोला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. तिने फक्त मान वर केली.

मासे थव्याने का राहतात? प्रेमापोटी, असं मला आधी वाटायचं. १९७१ साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने त्यावर पाणी ओतलं. त्याने एक गोल तळं कल्पिलं. काठावर बेडूक बसलेत आणि तळ्यात एक साप आहे. साप बाहेर आला की सगळ्यात जवळ असेल त्याला उचलणार. मग प्रत्येक बेडूक काय करेल? उडी मारून दोन शेजाऱ्यांच्या मध्ये घुसेल, म्हणजे सापाला आधी शेजारी सापडावा. सगळ्यांनी हेच केलं की थोड्या वेळात काठावर बेडकांचे ढीग तयार होतात. याला त्याने स्वार्थी कळप म्हटलं. संगत म्हणून आपण जे बघून हळहळतो, ते मुळात 'मी मधे, तू कडेला' एवढंच असतं.

हे पटवून घ्यायला मला पुस्तकाची गरज नव्हती. मी गेली सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून लोकल पकडतो.

पण हॅमिल्टनचा हिशेब तीन माशांना लावून बघा. मधला एकच. बाकी दोघं कायम कडेला. आमचे तिघं दिवसभर हाच प्रश्न सोडवत असायचे: एक मध्ये गेला की दुसरा त्याच्या पलीकडे, मग तिसरा, असं करत सगळे पाइपमागे. खाऊ टाकला तरी एकदम येत नसत. एक जण अर्धा बाहेर येऊन बघून जायचा. पोलिसांची गाडी गेली का बघायला फेरीवाला गल्लीच्या तोंडाशी येतो, तसा. रंगही उतरलेला. मासा घाबरलेला असला की त्याची ती निळी रेघसुद्धा मंदावते.

एकटेपणात नियॉन कसा दिसतो याची एक जुनी हकिकत आहे. हा मासा ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांतला, जगाला कळला १९३० च्या दशकात, आणि १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्याच साली हिंडेनबुर्ग या प्रचंड जर्मन हवाई जहाजातून काही नियॉन अमेरिकेला गेले. पुढल्या वर्षी जळून खाक झालं तेच हे हवाई जहाज. त्या माशांतला एक शिकागोच्या शेड मत्स्यालयात पोहोचला आणि त्याचं नाव पडलं 'लोनली लिंडी'. लकी लिंडी हे वैमानिक लिंडबर्गचं लाडकं नाव. माशाच्या वाट्याला लकीच्या जागी लोनली आलं. अटलांटिक ओलांडून आलेला सव्वा इंची पाहुणा, एवढ्या मोठ्या मत्स्यालयात, आणि शेजारी आपल्यासारखा एकही नाही. लोकांनी कौतुकाने बघितलं असणार. त्याला बिचाऱ्याला पाइपसुद्धा मिळाला असेल की नाही, कुणास ठाऊक.

तर ठरवलं: म्हाताऱ्यांसाठी त्यांच्याच जातीचे नवे आणायचे. रमीनोज पुढच्या जन्मी.

बायकोने लगेच हिशेब मांडला. "आता आठ आणणार. चार वर्षांनी त्यातले तीन उरणार. मग त्या तिघांसाठी पुन्हा आठ. म्हणजे मी सत्तरीची होईन तेव्हाही या टाकीत हेच?"

या हिशेबात मला अजून चूक सापडलेली नाही. थव्याचा मासा एकदा घरात आणला की तो वतनदार होतो. प्रत्येक पिढीचे शेवटचे दोन-तीन पुढच्या पिढीची सोय लावूनच जातात. टाकी रिकामी व्हायचा मुहूर्त येतच नाही.

गेल्या वर्षी एकदा हाच प्रयत्न फसला होता, तेही सांगितलं पाहिजे. तेव्हा पाच उरले होते म्हणून सहा नवे आणले, पिशवी कापली आणि ओतले. तिसऱ्या दिवशी सहातले चार गेले. जुने पाच मात्र मजेत. मी दुकानदाराला मनसोक्त शिव्या घातल्या, मनातल्या मनात. आजारी माल गळ्यात मारला म्हणून. पुढे कळलं की आजारी होतं ते आमचं पाणी. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या खाऊतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ते नायट्रेट साठत जातं, आणि या उलाढालीत पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. मी कंटाळा करून पाणी बदलणं लांबवलं होतं. जुने मासे त्या पाण्याबरोबर थोडे थोडे बदलत गेले, नाल्याशेजारी तीस वर्षं राहिलेल्या माणसाला वास येत नाही तसे. बाहेरून आलेल्याला मात्र पहिल्याच श्वासात फेफरं. म्हातारे ज्यात ठणठणीत आहेत ते पाणी चांगलं, हा माझा तर्क किती घरांत किती सुनांच्या बाबतीत वापरला गेला असेल, याचा मी नंतर विचार करत बसलो.

म्हणून या वेळी आधी पाणी सुधारायचं ठरलं, आणि तेही बेताने. कारण चांगलं पाणीसुद्धा एकदम दिलं तर म्हाताऱ्यांना सोसत नाही. दर रविवारी दोन बादल्या काढायच्या, आणि नळाचं पाणी क्लोरीन घालवून, एक दिवस ठेवून, दोन बादल्या घालायच्या. दोन महिने हे व्रत चाललं. बाल्कनीतल्या कुंड्यांना टाकीचं पाणी मिळालं आणि गुलाबाला इतकी फुलं आली की बायकोचा प्रकल्पाला असलेला विरोध निम्म्यावर आला.

मग एका रविवारी सकाळी कुर्ल्याला गेलो. तिथला शोभेच्या माशांचा बाजार बघितला नसेल तर एकदा जरूर बघा. ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या, प्रत्येकीला रबरबँडची गाठ, आत जगभरच्या नद्या. गोल्डफिश, मॉली, टायगर बार्ब, आणि एका कोपऱ्यात मिस केरळ. हा आपल्या पश्चिम घाटातला मासा, केरळ-कर्नाटकच्या नद्यांमधला. तोही थव्यानेच राहतो. पकडून पकडून परदेशी पाठवल्यामुळे रानातला त्याचा थवा विरळ झाला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नवं नाव दिलं, 'सह्याद्रिया'. हे नाव देणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकर आहेत. पिशवीतला सह्याद्रिया माझ्याकडे बघत होता. मी नजर वळवली आणि नियॉनकडे गेलो.

"किती देऊ? डझन?"

"आठ."

"डझन घ्या, स्वस्त पडतील."

"घरी तीन आहेत."

त्याला या उत्तराचा काही अर्थ लागला नाही, पण त्याने मोजून आठ दिले.

नव्यांना थेट टाकीत सोडायचं नाही, हा धडा मी शिकलो होतो. नियॉनला त्याच्याच नावाचा एक रोग होतो. एक सूक्ष्म परजीवी स्नायूंत शिरतो, रंग पांढुरका पडत जातो, आणि त्यावर भरवशाचा इलाज नाही. तो नव्यांकडून जुन्यांना लागू शकतो, तसाच जुन्यांकडून नव्यांना. म्हणून तीन आठवडे मुक्काम वेगळा: बाथरूममधला निळा टब, त्यात स्पंज फिल्टर, वर पोळ्यांवर झाकायची जाळी. बायको आंघोळीला दुसऱ्या बाथरूममध्ये जाऊ लागली. दुसरं बाथरूम म्हणजे ज्यात गीझर नाही ते. महिना जानेवारीचा. नात्यातले एक काका एका संध्याकाळी हात धुवायला गेले, आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसल्यावर बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "तुमच्या बाथरूममध्ये कोणीतरी बघतंय."

बाविसाव्या दिवशी रात्री नव्यांना पिशवीत घेतलं, पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग पेल्या-पेल्याने टाकीचं पाणी पिशवीत, आणि शेवटी जाळीने उचलून एकेकाला आत. दिवा बंद. अंधारात नियॉनचा रंग तसाही मावळतो. माशाच्या जागी नुसती धुरकट सावली राहते. सकाळी उठून बघितलं तर उजव्या कोपऱ्यात आठ जणांचा गच्च पुंजका, आणि डावीकडे पाइपमागे तिघं. मध्ये दीड फूट पाणी. लग्नाच्या हॉलमध्ये मुलाकडचे आणि मुलीकडचे.

दुपारपर्यंत तसंच. मी त्या दिवशी घरून काम करत होतो, म्हणजे टाकीसमोर लॅपटॉप उघडून बसलो होतो. तीनच्या सुमाराला तो पाठीला बाक आलेला बाहेर आला. टाकीच्या मध्यापर्यंत आला, थांबला, पुन्हा मागे गेला. मग दोघांना घेऊन आला. आठ जणांचा पुंजका किंचित सैल झाला, आणि बघता बघता आत तीन मोठे आठ लहानांत मिसळले. अकरा जण मिळून वळले. तो पडदा परत झटकला गेला. मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि म्हणाली, "तो वाकलेला मधे कसा काय घुसला बरोब्बर?" हॅमिल्टनला एवढं एक वाक्य ऐकवायला हवं होतं.

आठवडाभरात म्हाताऱ्यांचा रंग भरला. झाकण टकटक केलं की तिघं डाव्या कोपऱ्याकडे निघत, कारण खाऊ तिथे पडतो हे त्यांना पाठ, आणि आठ जण त्यांच्या मागे. नव्यांना टकटक कळायला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

आणि मग मला ते दिसलं.

टाकीत पूर्वी एक किल्ला होता. मुलीने नववीत हट्टाने घेतलेला. चार मनोरे, टोकदार छप्परं, दिसायला पक्का युरोपातला. तिने त्याचं नाव रायगड ठेवलं होतं. डाव्या बाजूला, अगदी खाऊच्या वाटेवर. त्याचा रंग सुटायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तो काढून टाकला. आता तिथे फक्त वाळू. पण ते तीन म्हातारे खाऊकडे निघाले की सरळ येत, त्या जागेपाशी आले की वर चढत, नसलेल्या मनोऱ्यांना अर्धा वळसा घालत, आणि पलीकडे उतरत. हे मी अनेकदा बघितलं होतं. सवय, म्हणून सोडून दिलं होतं. आता मागून येणारे आठही तोच वळसा घालत होते. त्यांनी आयुष्यात किल्ला बघितलेला नाही. ते कुर्ल्याचे.

माझा भ्रम असेल म्हणून मी वाचायला बसलो, तर यावर प्रयोग झालेला निघाला. केव्हिन लेलँड आणि केरी विल्यम्स या दोघांनी १९९८ साली गप्पी माशांवर केलेला. गप्पी म्हणजे महापालिका डास मारायला डबक्यांत सोडते तेच. टाकीत खाऊकडे जायला दोन वाटा, एक जवळची आणि एक लांबची. काही माशांना लांबची वाट शिकवली. मग थव्यातले शिकवलेले मासे एकेक करून काढून घेतले आणि त्यांच्या जागी कोरे मासे सोडत गेले. शेवटी मूळचा एकही उरला नाही. तरी थवा लांबच्याच वाटेने जात राहिला. जवळची वाट उघडी होती. पण सगळे ज्या वाटेने जातात ती सोडून एकट्याने जवळच्या वाटेने जायची हिंमत गप्पीत नसते.

मी लॅपटॉप मिटला. आमचा लोकलचा ग्रुप तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारात चढतो. १९९८ मध्येच मी त्यात आलो, तेव्हा चौदा जण होतो. योगायोग, पण आकडा तोच. आज मूळच्यांपैकी तिघं उरलोय आणि बाकी सगळी नवी पोरं, कानात इअरफोन, तरी पत्ते कुटायला तयार. तिसरा डबा, दुसरं दार का, तर तेव्हा फलाटावर बरोबर समोर चहाची टपरी होती. टपरी कधीच गेली. त्या दारातून उतरलं की जिन्यापर्यंत भलतं लांब चालावं लागतं. रोज अर्धा फलाट. मागच्या आठवड्यात मी एका पोराला विचारलं, "अरे, आपण इथेच का चढतो?" तो म्हणाला, "काका, इथेच चढतात."

मार्चमध्ये विटक्या काठाचा गेला, आणि पंधरा दिवसांनी पाइपमागचा. दोघांना गुलाबाच्या कुंडीत पुरलं. आता तो वाकलेला एकटाच जुना आहे, पण तो एकटा आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. मुलगी होळीला आली तेव्हा तिने ओळखायचा प्रयत्न केला. दोनदा चुकली.

परवा बायकोने बाजारातून येताना वॅलिस्नेरियाचं एक रोपटं आणलं. लांब हिरवी पात, मुळाला दगड बांधलेला. विरोध आता बहुतेक पूर्ण मावळलाय. तिने बाही सरसावली, हात पाण्यात घातला आणि डावीकडे वाळू उकरायला लागली.

"तिथे नको," मी म्हणालो.

"का? रिकामीच तर आहे जागा. काय आहे तिथे?"

"रायगड."

ती थोडा वेळ हात पाण्यात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. वर अकरातले नऊ मासे तिच्या मनगटापाशी जमून वाट बघत होते. मग तिने रोपटं उजव्या कोपऱ्यात लावलं.